अंगातली दवंडी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, एक अवघड शब्द आपल्या घराघरांत शिरला होता. सायटोकाइन. एरवी ज्यांचा विज्ञानाशी दूरचाही संबंध नाही अशी माणसंही फोनवर विचारायची, "डॉक्टर, त्यांचं आयएल-सिक्स वाढलंय म्हणतात, म्हणजे काय?" टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी लोकांनी या दुकानातून त्या दुकानात धावाधाव केली. ते इंजेक्शन त्याच आयएल-सिक्सचं काम थांबवण्यासाठी होतं.

साथ ओसरली आणि तो शब्दही आपण विसरलो. पण ही प्रथिनं काही करोनासाठी जन्माला आलेली नाहीत. आपण जन्मलो तेव्हापासून ती आपल्या अंगात आहेत. बोटात काटा रुतला आणि बोट लाल होऊन ठणकायला लागलं, तर ते त्यांचंच काम. सकाळी उठल्याबरोबर वीस शिंका आल्या, तर त्यातही त्यांचा हात. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचं आहे, पण अतिदक्षता विभागात उभी राहून नव्हे. मी बोलणार आहे ताथवड्यातल्या एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला उभी राहून.

माझा दवाखाना ताथवड्यात आहे. मी त्वचारोगांची डॉक्टर. ताथवडे म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला, मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून असलेलं गाव. पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र इथलंच. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका बाजूला हिंजवडी, एका बाजूला वाकड, आणि मध्ये कॉलेजं, उंच इमारती, आणि इमारतींच्या मधोमध उरलेले रिकामे प्लॉट. शेती थांबलेली, बांधकाम अजून सुरू न झालेलं. अशा जमिनीवर पहिल्या पावसानंतर काय उगवतं, हे तुम्हाला सांगायला नको. गाजर गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. खरं नाव सांगत नाही, आपण त्यांना आप्पा म्हणू. वय साठीच्या आसपास. बरीचशी जमीन विकली गेलेली, पण दोन म्हशी आणि गोठा त्यांनी हौसेनं ठेवला होता. चेहरा, मान आणि हातांचे पंजे काळवंडून जाड झालेले, खाजवून खाजवून कातडीला रेघा पडलेल्या. रात्र रात्र झोप नव्हती.

मी पाहिलं. उघड्या अंगावर त्रास, शर्टाच्या आत काही नाही. मला वाटलं, हा उन्हाचा त्रास. काहींच्या कातडीला ऊन सोसत नाही, हे खरं आहे. मी मलम दिलं, खाज कमी करणारी गोळी दिली आणि बजावून सांगितलं, "आप्पा, उन्हात जायचं नाही. सावलीत बसा."

आप्पा आज्ञाधारक माणूस. ते सावलीत बसले. आणि त्रास वाढत गेला.

पुढचे सात-आठ महिने असेच गेले. मी मलम बदललं, गोळी बदलली. आप्पांचा चेहरा आणखी जाड झाला, कपाळावर घड्या पडल्या, कानाच्या पाळ्या सुजल्या. मग गावात कुजबुज सुरू झाली की आप्पांना महारोग झाला. शेजारच्या मुलांनी त्यांच्या नातवाबरोबर खेळायचं बंद केलं. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत आप्पांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या दिवसापासून ते पंगतीला गेलेच नाहीत.

एक दिवस काकू त्यांच्याबरोबर आल्या. आप्पा म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं तसं उन्हात जात नाय. दिसभर गोठ्यात बसून असतो." त्यावर काकू म्हणाल्या, "तिथंच तर जास्त होतंय. संध्याकाळच्याला धूर केला की डोळं उघडत नाय यांचं." कसला धूर, म्हणून मी विचारलं. डास पळवायला गोठ्यात धूर करायचे. त्यासाठी शेजारच्या प्लॉटमधलं गवत उपटून, वाळवून गोठ्याच्या कोपऱ्यात रचून ठेवलेलं होतं. कोणतं गवत, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी आप्पांना उजेडात बसवलं आणि पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं ते तेव्हा पाहिलं. वरच्या पापण्या सुजलेल्या होत्या. हनुवटीखाली, कानामागे आणि कोपराच्या लवणीत कातडी जाड झाली होती. डोळे उघडे असताना वरच्या पापणीची घडी सावलीत असते. हनुवटीखाली आणि कानामागे ऊन पोचत नाही. हवेत उडणारा बारीक चुरा मात्र सगळीकडे पोचतो. ऊन आणि चुरा यांच्यातला हा फरक पुस्तकात लिहिलेला आहे, परीक्षेत मी तो लिहिलाही होता. आप्पांच्या बाबतीत तो मला दिसला नाही. ज्या माणसाला मी सावलीत बसायला सांगितलं, त्याला मी गाजर गवताच्या ढिगाशेजारी बसवलं होतं.

नंतर पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. तिला पॅच टेस्ट म्हणतात. संशयित पदार्थ थोडा थोडा कातडीवर ठेवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा एकदा बघतात. गाजर गवताच्या जागी लालभडक फोड उठले होते.

आता या गवताची थोडी जन्मकथा सांगते, कारण ती आपल्या पुण्याची आहे. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. नाव गवत असलं तरी ते गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप आहे. भारतात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यातून. १९५५ साली ते इथे उगवलेलं दिसलं आणि १९५६ साली आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केलं. पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या योजनेचा आपला करार १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि झाड त्याआधीच इथे दिसलेलं. अमेरिकेतून धान्य अर्थात त्याआधीही येत होतं. ते काही असो, एक झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकतं, त्यामुळे पुढे त्याला कोणाच्या गव्हाची गरज उरली नाही.

१९७४ साली पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर या झाडामुळे होणाऱ्या त्वचारोगावर निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, डॉ. लोणकर आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ यांनी मिळून झाडातल्या त्रासदायक द्रव्यावरचं काम पुढे आणलं. या झाडातल्या मुख्य दोषी रसायनाचं नाव पार्थेनिन. पानांवरच्या, देठांवरच्या बारीक लवेत ते असतं. झाड वाळलं म्हणून ते नाहीसं होत नाही. उलट वाळलेल्या झाडाचा भुगा होतो आणि तो हवेत उडतो.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पार्थेनिन जर विषारी आहे, तर ते सगळ्यांनाच का बाधत नाही? काकू त्याच गोठ्यात शेण काढत होत्या, त्यांना काही नाही. आणि आप्पा तर म्हणत होते, "मी जन्मापासनं याच गवतात वावरलो, तवा काय झालं नाय." आज मला जे सांगायचं आहे ते या प्रश्नाच्या उत्तरात आहे. आप्पांचा चेहरा गवतानं बिघडवला नव्हता. तो आप्पांच्या शरीरानंच बिघडवला होता, आणि शरीराला तसा हुकूम देत होती ती ही सायटोकाइन नावाची प्रथिनं.

जुन्या काळी गावात दवंडी पिटत. दवंडीवाला स्वतः पूर अडवायला जात नाही की चोर पकडायला जात नाही. तो फक्त ओरडतो आणि ती दवंडी ऐकून माणसं घराबाहेर पडतात. सायटोकाइन हे काम करतात. एक पेशी ते सोडते, दुसरीच्या अंगावर त्यासाठी कान असतो, म्हणजे ग्राहक असतो, तिथे ते जाऊन बसतात आणि ती पेशी कामाला लागते. त्यांतल्या बऱ्याच जणांना इंटरल्युकिन म्हणतात. पांढऱ्या पेशींमधले निरोप, या अर्थानं १९७९ साली शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं. आयएल-१, आयएल-४, आयएल-६ असे त्यांना क्रमांक आहेत. रक्तात त्यांचं मोजमाप पिकोग्रॅममध्ये करतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या थोड्या ऐवजानं माणसाचा चेहरा बदलतो.

आता पार्थेनिन काय करतं ते बघू. त्याचा रेणू फार लहान असतो. इतक्या लहान रेणूकडे आपल्या अंगातले पहारेकरी सहसा लक्ष देत नाहीत. पण तो कातडीत शिरून आपल्याच प्रथिनांना चिकटतो. मग आपलंच प्रथिन परकं दिसायला लागतं, एखाद्या घरच्या माणसानं सोंग घ्यावं तसं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि आपल्या देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिनची ॲलर्जीदेखील अशीच सुरू होते. तो रेणूही लहान, तोही आपल्याच प्रथिनांना चिकटतो.

असं सोंग घेतलेलं प्रथिन दिसलं, आणि त्याच वेळी रसायनानं कातडीही थोडी दुखावली, की वरच्या थरातल्या पेशी पहिली दवंडी देतात. त्यातली नावं आयएल-१ आणि टीएनएफ. ती ऐकून कातडीतले पहारेकरी तो परका तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. सूज आली की आपण ज्यांना अवधाण म्हणतो, त्याच या ग्रंथी. तिथे टी पेशी असतात. पहारेकरी त्यांना तुकडा दाखवतात आणि टी पेशींची एक तुकडी त्याची ओळख पाठ करते. याला दहा-पंधरा दिवस लागतात. या काळात अंगावर काहीही दिसत नाही. कुणाच्या अंगात हा धडा पहिल्याच पावसाळ्यात पाठ होतो, कुणाच्या चाळीस वर्षांनी, तर कुणाच्या कधीच होत नाही. काकूंच्या अंगात झाला नाही. आप्पांच्या झाला.

एकदा धडा पाठ झाला की पुढच्या वेळी पार्थेनिनचा कणभर स्पर्श पुरतो. त्या टी पेशी कातडीत येतात आणि त्यांची स्वतःची दवंडी सुरू करतात. इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-१७, टीएनएफ. रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून लाली. त्यातून पाणी पाझरतं म्हणून सूज. आयएल-८ नावाची हाक ऐकून रक्तातल्या आणखी पांढऱ्या पेशी धावत येतात. लाली, सूज, उष्णता आणि वेदना, ही दाहाची चार लक्षणं रोमन काळापासून वैद्यांना माहीत आहेत. आपली म्हातारी माणसं "अंगात उष्णता झाली" म्हणतात, ते वर्णन म्हणून चूक नाही. मात्र ती उष्णता आंब्यातून किंवा वांग्यातून आलेली नसते.

हे सगळं व्हायला एक ते दोन दिवस लागतात. म्हणूनच रुग्णाला संबंध कळत नाही. सोमवारी गवत उपटलेलं असतं आणि बुधवारी डोळे सुजतात. बुधवारी सकाळी काय खाल्लं, याचा शोध घेत माणूस बसतो आणि बिचाऱ्या वांग्यावर आळ येतो.

हे निव्वळ पुस्तकी नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी गाजर गवताच्या रुग्णांच्या रक्तात हे निरोप मोजले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टीएनएफ, आयएल-६, आयएल-८ आणि आयएल-१७ ही दाह पेटवणारी प्रथिनं निरोगी माणसांपेक्षा वाढलेली आढळली, आणि आयएल-१० सारखं दाह शमवणारं प्रथिन कमी झालेलं आढळलं. म्हणजे दवंडी देणारे वाढले आणि "आता पुरे, घरी जा" असं सांगणारे कमी झाले.

मग शिंका, नाक गळणं, अंगावर पित्त उठणं, हे काय आहे? तीही ॲलर्जीच, पण तिथली दवंडी वेगळी. मोसमान आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये उंदरांच्या टी पेशींवर काम करून दाखवलं की मदतनीस टी पेशींचे दोन गट असतात आणि दोघांचे निरोप वेगळे असतात. शिंकांच्या ॲलर्जीत आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ यांचं राज्य असतं. आयएल-४ आणि आयएल-१३ यांच्या सांगण्यावरून शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पराग आले की त्या पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. हे काम दोन दिवसांत नव्हे, काही मिनिटांत होतं. आयएल-५ हे इओसिनोफिल पेशींना बोलावतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये "इओसिनोफिल वाढले" असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. गंमत अशी की गाजर गवत दोन्ही दारांनी आत येतं. त्याच्या चुऱ्यानं आप्पांसारखा त्वचारोग होतो, आणि त्याच्या परागांनी नाकाची ॲलर्जी होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या परागांवर बरंच काम केलेलं आहे.

हा फरक मी एवढा घोळून सांगते आहे, कारण तो औषधाच्या दुकानात उपयोगी पडतो. आपण ज्याला ॲलर्जीची गोळी म्हणतो, ती हिस्टामिनला अडवते. शिंका आणि पित्त यांना तिचा चांगला उपयोग होतो. पण आप्पांच्या रोगाचा कारभार हिस्टामिनच्या हातात नव्हताच. तिथे ती गोळी झोप आणते, खाज थोडी विसरायला लावते, बाकी काही नाही. मी त्यांना आठ महिने जे देत होते, ते चुकीच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र होतं.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडच्या मलमाची. स्टिरॉइड एका दवंडीवाल्याला गप्प करत नाही, सगळ्यांनाच करतं. म्हणून त्याचा गुण झटकन येतो, आणि म्हणूनच त्याचा मोह पडतो. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस वापरलं तर ते फार चांगलं औषध आहे, त्याला उगाच घाबरू नये. पण दुकानातून स्वतःच ट्यूब आणायची, खाज आली की लावायची, गोरं दिसायला म्हणूनही लावायची, असं वर्षानुवर्षं चालतं. कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, गजकर्ण असेल तर ते अंगभर पसरतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही माझ्या टेबलावर रोज एखादी तरी मुरगाळलेली ट्यूब येतेच.

मग या निरोपांपैकी नेमका एकच निरोप अडवता येणार नाही का? येतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे घडलं आहे. आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झालं, आयएल-५ ला पकडणारं मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये, आणि आयएल-४ व आयएल-१३ यांचा कान बंद करणारं ड्युपिलुमॅब २०१७ मध्ये. ज्या दम्याच्या रुग्णांना जिना चढता येत नव्हता, ज्या मुलांची कातडी जन्मापासून पेटलेली होती, त्यांच्यापैकी अनेकांचं आयुष्य या औषधांनी सावरलं. आपल्या देशातही अशी इंजेक्शनं दिली जातात. पण ती महाग आहेत, सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. आणि दुसरं म्हणजे, ज्याची दवंडी त्यालाच थांबवलं पाहिजे. आयजीई पकडून आप्पांना काय मिळणार? त्यांचा रोग दुसऱ्याच निरोपांवर चालत होता.

आणि ढोलच फोडून टाकावा म्हटलं, तर तेही जमत नाही. हेच निरोप आपल्याला जगवतात. आयएल-४, आयएल-५ ही मंडळी मुळात पोटातल्या जंतांशी लढण्यासाठी आहेत. टीएनएफ तर क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवण्याचं काम करतं. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी औषधं आली, तेव्हा काही रुग्णांचा झोपलेला क्षय जागा झाला. म्हणून आपल्या देशात ती औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. तेव्हा शहाणपणाचा पहिला मार्ग एकच, दवंडी पिटायची वेळच येऊ द्यायची नाही.

आप्पांच्या बाबतीत आम्ही तेच केलं. ढीग हलवला. धूर बंद केला आणि मच्छरदाणी आली. कपडे घराच्या मागे वाळत घालायचे, बाहेरून आलं की चेहरा-मान धुवायची, असे साधे नियम ठरवले. स्टिरॉइड थोडे दिवस, मोजून मापून. आणि अझाथायोप्रिन नावाच्या जुन्या गोळ्या. टी पेशींची फौज वाढू न देणाऱ्या या गोळ्यांचा गाजर गवताच्या रोगात चांगला उपयोग होतो, हे एम्समधल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलेलं आहे. नव्या इंजेक्शनांच्या मानानं त्या स्वस्त आहेत, मात्र ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं, ते चुकवून चालत नाही. चार-पाच महिन्यांत चेहरा मऊ झाला. आप्पा रात्री झोपू लागले.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेले, आणि मुद्दाम ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी बसून चहा घेतला. चार शेजारी जमलेच. त्यांना सांगितलं, हा महारोग नाही, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि हेही सांगितलं की महारोग असता तरी पंगतीत जागा रिकामी ठेवायचं कारण नव्हतं. तो औषधानं पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याचा धोका संपतो. अंगात खोटी दवंडी उठली तर तिला औषध आहे. गावात उठली तर घरोघर जाऊन सांगण्यावाचून इलाज नाही.

आप्पा पूर्ण बरे झाले का? नाही. धडा पाठ केलेल्या टी पेशी विसरत नाहीत. त्या अंगात वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर राहतात. आप्पांनी म्हशी विकल्या. ते मला म्हणाले, "बाई, गवत तर मी माझ्या आवारातलं काढलं. पण पलीकडचा प्लॉट माझा नाय." तो प्लॉट कुणाचा, हे तिथे कुणालाच नीट माहीत नाही. मालक दूर कुठेतरी आहे, भाव वाढायची वाट बघतो आहे, आणि दर पावसाळ्यात त्याच्या जमिनीवर पांढरी फुलं डोलतात. आप्पांचं औषध माझ्या कपाटात आहे खरं, पण त्यातलं अर्धं त्या प्लॉटच्या मालकाच्या हातात आहे.

म्हणून जाता जाता दोन-तीन गोष्टी सांगते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. शाळा-कॉलेजची मुलं उत्साहानं गवत उपटायला उतरतात. उत्साह चांगला आहे, पण उघड्या हातांनी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात त्यांना त्या गवतात उभं करू नका. आज उपटणाऱ्या मुलाला उद्या काही होणार नाही, पण धडा कदाचित त्याच दिवशी पाठ होईल. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला फडकं, आणि काम झाल्यावर साबणानं अंघोळ. ज्यांना आधीच दमा किंवा त्वचेचा त्रास आहे, त्यांनी या कामात उतरू नये, मोजदाद करावी, पाणी द्यावं. गवत फुलावर यायच्या आधी, पावसानं जमीन ओली असताना, मुळासकट काढावं. फुलं आल्यावर काढलं तर बियाच पेरल्यासारखं होतं. काढलेलं खड्ड्यात टाकून त्याचं खत करता येतं. जाळू नये, आणि आप्पांच्या गोठ्यासारखं घराशेजारी रचून तर मुळीच ठेवू नये. मोकळ्या जागी टाकळ्याचं बी टाकलं तर टाकळा गाजर गवताला हटवतो. मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूरला आणलेले भुंगेही त्याची पानं खातात. तुमच्याकडच्या गवतावर पट्ट्यापट्ट्यांचे पिवळट भुंगे दिसले, तर त्यांच्यावर औषध फवारू नका, ते आपले पाहुणे आहेत.

आणि घरातल्या कुणाच्या पापण्या, मान, कोपराची लवण पावसाळ्यात खाजू लागली, तर ताटातल्या वांग्याकडे बघण्याआधी खिडकीबाहेर बघा. दोन दिवसांपूर्वी कुठे गेलो होतो ते आठवा, आणि डॉक्टरांना ते सांगा. डॉक्टर विचारायला विसरले तरी सांगा. आमच्याकडूनही चुका होतात. माझी चूक काकूंनी दुरुस्त केली.

गेल्या सप्ताहात आप्पा पंगतीला बसले होते, असं कळलं. तोंडावर फडकं बांधून गेले, जेवताना तेवढं काढलं. शेजारी कोण बसलं होतं, ते मी विचारलं नाही. जागा भरलेली होती, एवढं पुरे आहे.